एरंडीचं तेल

गाडी ओरडायची, आणि ओरडायची म्हणजे साधंसुधं नाही. मंगेशनं ब्रेकवर पाय ठेवला की पुढच्या चाकांतून असा कर्कश आवाज निघायचा की एकोडीच्या पानठेल्यावरची माणसं दात आवळून घ्यायची. शेजारच्या ललिताबाईच्या कोंबड्या तर गाडी वळणावर दिसली की आधीच वाडीत पळायच्या. नवे ब्रेकप्याड टाकून आठच दिवस झाले होते. जुने झिजले होते तेव्हा गाडी बिचारी गुपचूप थांबायची, अन् नवे घातले तर बोंबलायला लागली. आता सांगा!

"बसतीन, बसतीन," बाबुलाल मिस्त्री फोनवर म्हणायचा. साकोलीला त्याचं गॅरेज होतं आणि प्याड त्यानंच लावले होते. "नवा माल हाय, घासून बसाले टाइम लागते. दोन-तीनशे किलोमीटर चालू द्या. तरी आवाज नाही गेला तं मी घरी येतो, प्याडच्या मागं पातळ पत्री लावून देतो."

पण दम धरणं मंगेशच्या रक्तातच नव्हतं. गाडी सेकंडहँड असली तरी घर तिच्यावर चालायचं. साकोलीच्या शाळेत शिकवणाऱ्या दोन बाया रोज त्याच्याच गाडीनं जायच्या. त्यातली एक परवा म्हणाली, "मंगेशभाऊ, आता आमी कानात कापूस घालूनच बसतो." तिच्यासमोर तो हसला. घरी आल्यावर मात्र चावी अशी फेकली की ती फडताळावरून घरंगळून पिठाच्या डब्यामागे गेली आणि त्याच्या बायकोला, मेघाला, ती अर्धा तास सापडली नाही.

टिकारामला, म्हणजे मंगेशच्या बापाला, तर त्या आवाजानं जेवण गोड लागेनासं झालं. चाळीस वर्षं त्या माणसानं बैलांची बंडी हाकली होती. धानाची पोती घेऊन रात्रंदिवस साकोलीच्या फेऱ्या केल्या, पण त्याच्या बंडीचा आख कधी कुरकुरला म्हणून कोणी सांगावं! चाक रडतं म्हणजे मालक आळशी, हे त्याचं ठाम मत होतं. दुसऱ्याची बंडी रडत गेली की तो रस्त्यात थांबवून म्हणायचा, "अरे, जनावर तं मुकं हाय, चाक सांगून राहिलं ना तुले! वंगन घाल त्याले." आणि आता त्याच्याच अंगणातली गाडी साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी रडत होती. पानठेल्यावर जायचंच सोडलं त्यानं.

पण गाडीला हात लावायची सोय नव्हती. उन्हाळ्यात एकदा लेकाचं काम हलकं करावं म्हणून त्यानं बोनट उघडून पाइपानं सगळं इंजिन धुऊन काढलं होतं. दोन दिवस गाडी सुरू झाली नाही. मंगेशनं भर गल्लीत, चारचौघांसमोर, बापाला फैलावर घेतलं. "समजत नाही तं हात कायले लावता? पुन्हा गाडीजवळ दिसले तं पाहा मंग!" असं म्हणून पाण्याची बादली लाथेनं उडवली.  टिकारामला वाईट वाटलं, लाज वाटली, आणि आणखीही एक काहीतरी वाटलं. त्याचं नाव त्यानं स्वतःशीसुद्धा घेतलं नाही. तेव्हापासून गाडी अंगणात शिरली की तो आपली खाट उचलून मागच्या पडवीत न्यायचा, एवढं खरं.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. त्या दिवशी झाडीपट्टीत घरोघरी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात, म्हणून हळद घातलेलं कोमट तूप त्यावर चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. टिकारामचा गोठा दोन वर्षांपासून रिकामा होता. गुडघे गेले, धानाच्या बांधीत ट्रॅक्टर फिरू लागला, बैल कोणासाठी ठेवायचे? तरी त्याच्या बायकोनं, रुखमिणीनं, सवयीनं वाटीभर तूप तापवलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"कोनाले लावू हे?" टिकाराम म्हणाला.

"लावा तिले," रुखमिणीनं अंगणातल्या गाडीकडे हनुवटी केली. "आता तेच पोसून राहिली आपल्याले."

ती थट्टेत बोलली, पण टिकारामला ते पटलं. मंगेश चौकात गेलेला, मेघा अन् नात गुड्डी आत तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल रंगवत बसलेल्या. त्यानं बोनटवर हळदतुपाचे दोन हात फिरवले. गाडीच्या काचेशी वाकून हळूच म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."  चाळीस वर्षांत हे शब्द बैलाच्या कानाशिवाय कुठे बोलला नव्हता तो.

मग पुढच्या चाकाशी बसला. चाकाच्या भोकांतून आतली लोखंडी चकती चकाकत होती. आवाज तिथूनच यायचा, आठ दिवस कान लावून त्यानं ते हेरून ठेवलं होतं. ब्रेक मारल्यावरच ओरडते हेही त्याला ठाऊक होतं. पण बंडीसुद्धा सपाटीवर गुपचूप चालते अन् उतारावर अडवली की कुरकुरते, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? कोरडं पडलंय आत, दुसरं काय असणार! गोठ्यात वंगणाची जुनी कुपी होती, लांब चोचीची, एरंडीच्या तेलानं अर्धी भरलेली. ती आणून त्यानं भोकातून चोच घातली आणि चकतीवर, तिला धरून बसलेल्या त्या नव्या तुकड्यांवर, तेल सोडलं. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग पलीकडच्या चाकात. हात सैल सोडूनच घातलं, कंजुषी केली नाही. ओघळ फडक्यानं पुसला, कुपी जागेवर ठेवली, आणि कोणी पाहिलं नाही म्हणून सुस्कारा सोडला.

पोळ्याच्या दिवशी गाडी हार घालून जागेवरच उभी राहिली. निघाली ती दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला.

तान्हा पोळा लेकरांचा. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून लेकरं मिरवणुकीनं निघतात, कोणाचा बैल देखणा त्याला बक्षीस. गुड्डीला या वर्षी मामाच्या गावी, सिंदीटोल्याला, बैल न्यायचा होता. तिथं शाळेसमोर चार वाजता पोळा भरायचा. अठरा किलोमीटरचा खड्ड्यांचा रस्ता, म्हणून अडीचलाच निघायचं ठरलं. मेघा पुढं बसली, गुड्डी मागं बैलाला कवटाळून.

मंगेशनं गाडी मागं घेतली, फाटकाशी ब्रेक मारला, आणि तसाच थांबला. पुन्हा थोडी पुढं घेऊन ब्रेक मारला. चूं नाही की चां नाही.

"अरे! आवाज गेला ना बे!" त्याचा चेहरा असा खुलला की टिकारामला पोराचं लहानपण आठवलं. "बाबुलाल म्हने तसंच झालं. बसले प्याड!" मग खिडकीतून डोकं काढून हसत म्हणाला, "का हो बाबा, तुमी तं काई केलं नाही ना?"

सांगून टाकायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण बोलता बोलता मंगेशच्या कपाळावर ती नेहमीची आठी पडल्यासारखी वाटली, आणि टिकारामच्या तोंडून निघालं, "म्या? म्या कायले हात लावू गाडीले?"

गाडी गेली. वळणावर लोण्यासारखी थांबली, वळली, दिसेनाशी झाली. ललिताबाईच्या कोंबड्यांनी मानसुद्धा वर केली नाही. टिकाराम खाटेवर बसून मिशीतल्या मिशीत हसला. मिस्त्रीला जमलं नाही ते त्यानं केलं होतं, अन् श्रेय बाबुलालला गेलं तरी त्याचं काही म्हणणं नव्हतं.

दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि खांद्याला हत्यारांची पिशवी लावलेला बाबुलाल आत आला.

"राम राम काका. बहिनीकडं आलो होतो सणाले, म्हनलं तुमची पत्रीबी लावून देऊ. कुठं हाय गाडी?"

"गाडी गेली सिंदीटोल्याले," टिकाराम ऐटीत म्हणाला. "अन् पत्री ठेव तुह्यापाशीच. रडनं बंद झालं तिचं."

"झालं? वा! म्हनलं होतं ना, बसतीन."

आता मात्र टिकारामला राहवेना. लेकाला नाही तर नाही, मिस्त्रीला तरी कळू दे. "बसले नाही, बसवले," तो म्हणाला. "एरंडीचं तेल घातलं म्या. चकतीले, दोन्ही बाजूनं. आखाले घालतो तसं."

बाबुलाल हसत होता, तो तसाच थिजला. "कशाले घातलं म्हनता?"

"चकतीले. अन् ते तुह्ये तुकडे हायत ना, त्याहिले."

"प्याडले? तेल?" बाबुलालनं पिशवी खाली टाकली. "काका, हे का करून ठेवलं तुमी! अजी, ब्रेक म्हंजे चिमटा हाय. चकतीले कोरडा चिमटा बसला तवा चाक थांबते. तेल लागल्यावर चिमटा धरन का निसटन?"

"पन थांबली ना गाडी! माह्या डोळ्यासमोर थांबली, फाटकाशी."

"फाटकाशी तं हातगाडीबी थांबते. मागच्या चाकाचे ब्रेक हायत अजून, सपाटीवर चालून जाईन. पन उतार लागला तं…" बाबुलाल बोलता बोलता थांबला.

दोघांच्याही मनात एकच जागा आली. सिंदीटोल्याच्या अलीकडे मोठा तलाव आहे. रस्ता चढून तलावाच्या पाळीवर, मातीच्या उंच बांधावर, जातो आणि पाळीवरून जो उतरतो तो सरळ शाळेच्या दारात. आणि आज त्या दारात, त्याच रस्त्यावर, गावची सारी लेकरं बैल घेऊन उभी असणार होती.

 टिकाराम खाटेची कड धरून उठला.

"फोन लावा!" बाबुलाल ओरडला.

मंगेशचा फोन वाजत राहिला. गाडी चालवताना तो फोन उचलायचा नाही. ही शिस्त बापानंच लावलेली, गळ्याची शपथ घालून लावलेली. आता काय बोलावं! टिकारामच्या साध्या फोनवर दोनचा आकडा दाबून धरला की मेघाला फोन लागायचा, गुड्डीनं तसं करून दिलं होतं. त्यानं दोन दाबला. एक रिंग झाली आणि कट. पुन्हा दाबला. पुन्हा कट.

"गुड्डीच्या हातात हाय फोन," तो रडवेला होऊन म्हणाला. "गेम खेळून राहिली. मधात फोन आला का कापते ते."

बाबुलालनं आपल्या फोनवरून लावला. अनोळखी नंबर उचलायचा नाही असं मेघानंच पोरीला शिकवलेलं, तो कोण उचलणार? तोही कापला गेला. रुखमिणी दारात येऊन "का झालं? का झालं?" विचारत होती, तिला उत्तर द्यायला कोणाला वेळ नव्हता. बाबुलालनं मोटारसायकलला किक मारली आणि टिकाराम, जो गुडघ्यांपायी वर्षभर कोणाच्या मागे बसला नव्हता, टांग टाकून बसला.

रस्ता कसला, खड्ड्यांना मधून मधून डांबर लावलेलं. बाबुलाल जिवाच्या आकांतानं हाणत होता. टिकारामनं एका हातानं त्याचा सदरा धरलेला आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला दाबलेला. चौथ्यांदा कट. पाचव्यांदा कट. गावदेवीचं नाव घ्यावं म्हटलं तर तेही आठवेना. डोळ्यांसमोर फक्त मागच्या सीटवरची गुड्डी येत होती.

सहाव्यांदा फोन उचलला गेला.

"काय हो आबा! मी हारून राहिली ना तुमच्यानं!"

"गुड्डी, बाई माही, कापू नोको! बाबाजवळ दे फोन."

"बाबा गाडी चालवून राहिले. तुमीच तं म्हनता, चालवताना द्याचा नाही."

"आईजवळ दे मंग. लवकर दे!"

मेघाचा आवाज आला; सासऱ्याला ती मामाजी म्हणायची, सासूला आत्याबाई. "मामाजी? का झालं? आत्याबाई बऱ्या हायत ना?"

"मंगेशले ऐकू जाईन असा कर फोन. कुठंशा हा तुमी?"

"हे काय, तलाव दिसून राहिला. मधी बुंदी घ्यासाठी थांबलो होतो म्हनून उशीर झाला." मग आवाज बदलला, गाडीचा घरघराट मोठा झाला. मंगेश लांबून बोलला, "का हो बाबा? बोला."

वारा कानात भरत होता. पुढून बाबुलाल मान वळवून ओरडत होता, "पाळीवर चढू नोको म्हना! गेअरवर थांबव म्हना, ब्रेकवर भरोसा नोको ठेवू!" आणि टिकारामनं, आता त्याला काय म्हणावं, त्या घडीलाही अर्धंच सांगितलं.

"मंगेश, गाडी थांबव. बाबुलाल म्हन्ते, ब्रेकमधी काई खराबी हाय."

"बाबुलालले घरी बसून दिसलं का?" मंगेश हसला. "ब्रेक मस्त हाय. जराशी लांब जाऊन थांबते, पन आवाज बंद झाला ना! पोचलो का मीच लावतो फोन. ठेवा आता."

"ठेवू नोको! पाळीवर नोको चढू!"

"अजी चढलो ना पाळीवर. कायले घाबरून राहिले एवढे?"

आता पळवाट उरली नव्हती. टिकारामनं डोळे मिटले. "तेल म्या टाकलं, मंगेश! ब्रेकमधी तेल टाकलं म्या! पुढच्या दोन्ही चाकात! खोटं बोललो मी तुले, हात लावला म्या गाडीले!"

पलीकडे नुसती गाडीची घरघर. मग मंगेशचा आवाज आला, आणि त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. "किती टाकलं?"

"लय टाकलं, बापा."

"ब्रेक दाबू नोको, पहिल्या-दुसऱ्या गेअरवर घे म्हना, हँडब्रेक हळूहळू वढ म्हना!" बाबुलाल पुढून ओरडत होता आणि टिकाराम शब्दाला शब्द फोनमध्ये ओरडत होता. पलीकडून इंजिनचा एकदम मोठा हुंकार आला. मग हॉर्न, न थांबणारा हॉर्न. मग मेघाची किंकाळी, "अहो, लेकरं! समोर लेकरं हायत!" काहीतरी आदळलं. गुड्डी "आई" म्हणून ओरडली आणि फोन बंद झाला.

टिकारामनं पुन्हा दोन दाबला. लागला नाही. मग त्यानं दाबायचं सोडून दिलं. राहिलेला रस्ता चार-पाच किलोमीटरचा असेल, पण त्याला विचाराल तर सांगेल, बंडीच्या साऱ्या जन्माच्या फेऱ्या मिळूनही तेवढा रस्ता झाला नाही. आपण घर बुडवलं, एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं. 

पाळीवर चढल्यावर खालचा उतार दिसला. रस्त्यावर माणसांचा घोळका. लेकरं एका बाजूला, हातात बैलांच्या दोऱ्या तशाच, कोणी रडतंय, कोणी टकमक बघतंय. आणि उताराच्या मध्यावरच, रस्ता सोडून डावीकडे, धानाच्या बांधीत गाडी तोंडघशी रुतलेली. चिखल बोनटपर्यंत आलेला. लेकरांपासून पंचवीस-तीस पावलांवर मंगेशनं ती रस्त्याबाहेर घातली होती.

"गुड्डी कुठं हाय?" टिकाराम मोटारसायकल थांबायच्या आधीच उतरायला गेला आणि पडला.

गुड्डी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आईच्या मांडीत होती. कपाळाला टेंगूळ, बाकी धड. मेघाचं कोपर फुटलं होतं. मंगेश बांधीत गुडघाभर चिखलात उभा, खालचा ओठ फाटलेला, एक हात गाडीच्या टपावर. रस्त्यावरच्या एकाही लेकराला खरचटलंसुद्धा नव्हतं. टिकारामनं प्रत्येकाकडे नीट बघून घेतलं आणि मग तिथंच रस्त्यात बसून हमसून हमसून रडला.

पण लोक रडत नव्हते, लोक पेटले होते. देवाजी नावाच्या म्हाताऱ्याची दोन नातवंडं पुढच्या रांगेत होती. भीतीचा राग कोणावर काढू असं त्याला झालेलं. कोणीतरी बाबुलालला ओळखलं. "हाच, हाच साकोलीचा मिस्त्री! यानंच आठ दिवसांखाली नवे प्याड बसवले, मंगेश सांगत होता." झालं, देवाजीनं बाबुलालची गचांडी धरली. आणखी दोघं-तिघं पुढं सरसावले.

"चाळीस लेकरं हायत इथं! चाळीस! असं काम करते का बे?"

बाबुलालनं एकदाच टिकारामकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि गप्प राहिला.

"सोडा त्याले," बांधीतून मंगेश ओरडला. "त्याचा काई दोष नाही. गाडी जुनी हाय, ब्रेक फेल झाला. होते कधी कधी."

बापाचं नाव त्यानं घेतलं नाही. टिकारामला ते समजलं आणि आतून फाटल्यासारखं झालं. गप्प बसलं असतं तर चालून गेलं असतं. बाबुलालनं दोन थपडा खाल्ल्या असत्या, गाडी निघाली असती, गोष्ट तिथंच राहिली असती. परवापासून गप्प बसणं त्याला छान जमत होतं.

"देवाजी, सोड त्याले," तो उठून म्हणाला. "हे माह्या हातचं हाय."

"तुह्या हातचं म्हंजे?"

"चाक ओरडे म्हनून म्या ब्रेकमधी तेल घातलं. एरंडीचं. बंडीले घालतो तसं. पोरानं विचारलं तं नाही म्हनलं. या मिस्त्रीनं मले सांगतलं तवा समजलं, अन् तोच मले घेऊन आला. माराचं असन तं मले मारा."

गचांडीवरचा हात सुटला.  मागून एक जण फिसकन हसला, त्याला बाकीच्यांनी गप्प केलं. देवाजी टिकारामच्या इतका जवळ आला की त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास आला. "अक्कल गहान ठेवली होती का रे तू? माह्ये नातू होते समोर. माह्ये नातू!"

"हो," टिकाराम म्हणाला.

देवाजीनं हात उगारला, पण तो हवेतच राहिला. मग तो वळला, दोन्ही नातवंडांना बखोटीला धरून घराकडे निघाला. घोळका हळूहळू पांगला. बाया लेकरांना शाळेच्या आवारात घेऊन गेल्या, तरणी पोरं दोर आणायला गेली. बाबुलाल गाडीच्या चाकाशी वाकून बघत बसला, म्हणजे बघण्यासारखं काही नव्हतं, पण त्याला तिथं बसणं बरं वाटलं असेल.

मंगेश बांधीतून वर आला. ओठाचं रक्त हनुवटीवर वाळलेलं. बापासमोर येऊन उभा राहिला तेव्हा मेघानं एकदम गुड्डीला जवळ ओढलं.

"म्या विचारलं होतं तुमाले," तो म्हणाला. "निंगताना. हसत विचारलं होतं."

"हो."

"मंग तवा काहून नाही सांगतलं? अन् फोनवरबी पह्यले बाबुलालचं नाव सांगता! एक मिनिट आधी बोलले असते तं पाळीवर चढलोच नसतो ना मी!" बोलता बोलता त्याचा आवाज चढला. "काहून नाही सांगतलं, बाबा?"

टिकारामला कितीतरी सांगता आलं असतं. विसरलो म्हणता आलं असतं. तुला खुश पाहिलं म्हणून सांगवलं नाही, हेही म्हणता आलं असतं, आणि ते थोडंफार खरंही होतं.

"भेलो," तो म्हणाला.

"कोनाले?"

"तुले."

मंगेशला ते कळलंच नाही आधी. तो बापाकडे बघत राहिला. मग त्यानं मेघाकडे बघितलं, वाटलं ती आता म्हणेल, काहीतरीच काय मामाजी. मेघा गुड्डीच्या केसांतला चिखल काढत होती. तिनं मान वर केली नाही.

 दोर घेऊन येणाऱ्या पोरांचा आवाज शाळेकडून ऐकू यायला लागला होता.

"आताबी भेता?" मंगेशनं विचारलं. अगदी हळू विचारलं.

टिकारामनं त्याच्याकडे बघितलं. पोराचा चेहरा एवढासा झाला होता, आणि एक 'नाही' म्हटलं असतं तर त्याला किती बरं वाटलं असतं, हे बापाला दिसत होतं. पण त्या दिवशी एकदा 'नाही' म्हणून झालं होतं.

"भेतो," तो म्हणाला.

मंगेश होता तिथंच धुऱ्यावर बसला आणि दोन्ही चिखलाचे हात तोंडावर घेऊन रडायला लागला.  टिकाराम गुडघ्यावर हात टेकत त्याच्याजवळ बसला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोर घेऊन पोरं जवळ आली तरी त्यानं तो काढला नाही.